गाडी कोणाचीही, चार्जर कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण अर्ध्या वाटेवर बिडकीन लागते. पैठण तालुक्यातील हे गाव ‘ऑरिक’ औद्योगिक नगरीमुळे २०२४ पासून वाहन उद्योगाच्या बातम्यांत सतत झळकत आहे. त्या वर्षी जूनमध्ये एथर एनर्जी या कंपनीने विजेवर चालणाऱ्या स्कूटरींचा सुमारे २ हजार कोटी रुपयांचा कारखाना येथे उभारण्याचे जाहीर केले. ३१ जुलै रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. जेएसडब्ल्यू समूहाच्या ‘ग्रीन मोबिलिटी’ प्रकल्पासाठीही बिडकीनचीच निवड झाली. ज्या तालुक्याची ओळख आजवर नाथसागर, पैठणी आणि नाथषष्ठीची यात्रा यांमुळे होती, तो आता विजेच्या वाहनांचे माहेरघर होऊ पाहत आहे.

या वाहनांचे आयुष्य मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर सुरू होते आणि त्यातील बराचसा काळ ती मालकाच्या दारात उभी असतात. रात्री गाडी घरी लावायची, सकाळी भरलेल्या बॅटरीनिशी बाहेर काढायची, या सोयीच्या भरवशावरच ती घेतली जाते. तेथे एक साधा प्रश्न उभा राहतो. भिंतीवर एका कंपनीचा चार्जर आहे. घरात दुसरी गाडी आली ती वेगळ्या कंपनीची. पहिलाच चार्जर तिला चालेल काय? विक्रेत्याकडे विचारणा केली तर ‘हो’ हे उत्तर तत्परतेने मिळते. ते खोटे नाही. अपुरे मात्र आहे, आणि या अपुरेपणाची किंमत ग्राहकाच्या खिशातून वसूल होते.

आधी जे खरे आहे ते पाहू. मोटारींच्या बाबतीत प्लगचा तंटा भारतात जवळजवळ मिटला आहे. हे आपोआप घडले नाही. २०१७ मध्ये सरकारने ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ अशी दोन देशी मानके आखली. त्यांतील दुसऱ्याचा जोड चीनच्या ‘जीबी/टी’ पद्धतीवर बेतलेला होता. सरकारी कार्यालयांसाठी घेतलेल्या महिंद्राच्या ई-व्हेरिटो आणि टाटांच्या आरंभीच्या टिगोर याच पद्धतीच्या होत्या. डिसेंबर २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तर सार्वजनिक केंद्रांनी युरोपीय, जपानी आणि देशी असे सारे प्रकार एकाच जागी ठेवावेत, अशी अपेक्षा होती. त्यासाठीचा खर्च पाहता ती टिकणे कठीणच होते आणि पुढील सुधारणांत ती सैल झाली. निकाल अखेर बाजाराने लावला. २०१९-२० मध्ये आलेल्या ह्युंदाईची कोना, एमजीची झेडएस आणि टाटांची नेक्सॉन या तिन्ही गाड्यांनी घरच्या चार्जिंगसाठी ‘टाइप-२’ आणि जलद चार्जिंगसाठी त्याचाच विस्तार असलेला ‘सीसीएस-२’ हा जोड स्वीकारला. त्यानंतर आलेल्या जवळपास सर्वच मोटारी त्याच वाटेने गेल्या. अमेरिकेत स्वतःचा वेगळा प्लग वापरणारी टेस्लाही जुलै २०२५ मध्ये मुंबईत आली ती हाच जोड घेऊन.

टाइप-२ हा मूळचा जर्मनीचा. युरोपातही त्याला सहजासहजी मान्यता मिळाली नाही. फ्रेंच आणि इटालियन कंपन्यांचा वेगळा प्लग बराच काळ स्पर्धेत होता. २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने टाइप-२ च्या बाजूने कौल दिला आणि २०१४ च्या निर्देशाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. भारताला हे भांडण आयतेच मिटलेले मिळाले.

पण प्लग बसला म्हणजे काम झाले, असे नाही. याचे कारण ‘चार्जर’ या शब्दातच दडलेल्या गैरसमजात आहे. घराच्या भिंतीवर बसवलेली पेटी खऱ्या अर्थाने चार्जर नसतेच. घरातील वीज एसी, बॅटरीला हवी डीसी. हे रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या पोटात असते आणि तोच खरा चार्जर. भिंतीवरील पेटी म्हणजे एक शहाणे बटण. गाडी नीट जोडली गेली आहे काय, अर्थिंग शाबूत आहे काय, हे तपासून ती प्रवाह सोडते आणि काही बिघडले तर तोडते. टाइप-२ च्या सात पिनांपैकी दोन केवळ या संवादासाठी राखलेल्या आहेत. त्यांतील एकीवरून पेटी गाडीला सेकंदाला हजार वेळा हेलकावणारा सूक्ष्म संकेत पाठवते. त्या हेलकाव्याची रुंदी किती, यावरून गाडीला कळते की येथून १६ अँपिअर ओढता येतील की ३२. सुमारे २७ टक्के रुंदी म्हणजे १६, सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२. गाडी तयार असली की ती त्या तारेवरील दाब ९ व्होल्टवरून ६ व्होल्टवर आणते आणि मगच पेटीतील संपर्क जुळून वीज वाहू लागते. ही भाषा आंतरराष्ट्रीय मानकात बांधलेली आहे आणि भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस १७०१७’ मालिकेतही ती आहे. त्यामुळे एका कंपनीच्या पेटीने दुसऱ्या कंपनीच्या गाडीशी बोलावे, यात अडचण येण्याचे कारण नाही.

अडचण येते ती वेगात. पहिल्या नेक्सॉनच्या पोटातील चार्जर ३.३ किलोवॅटचा होता. २०२२ मध्ये आलेल्या नेक्सॉन मॅक्सला ७.२ किलोवॅटचा पर्याय मिळाला. एमजीची छोटी कॉमेट आरंभी ३.३ किलोवॅटवरच होती. ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक ११ किलोवॅटपर्यंत वीज घेते. या साऱ्यांना एकाच ७.२ किलोवॅटच्या पेटीला जोडले तर प्रत्येक गाडी आपल्या पोटाच्या मापानेच वीज घेणार. ३.३ किलोवॅटच्या गाडीला मोठी पेटी जोडून काडीचाही लाभ नाही. उलट बाजूचा घोटाळा अधिक चकवणारा आहे. ११ किलोवॅट हा आकडा तीन फेजमधून प्रत्येकी १६ अँपिअर घेऊन होतो आणि अशा पेटीची रचना साधारणपणे तेवढ्याच मर्यादेत असते. ज्या गाडीचा आतील चार्जर एकाच फेजवर ७.२ किलोवॅट घेणारा आहे, तिला या पेटीतून एकाच फेजचे १६ अँपिअर, म्हणजे जेमतेम ३.७ किलोवॅट मिळतात. थोडक्यात, महाग पेटीवर तीच गाडी स्वस्त पेटीपेक्षा निम्म्या वेगाने भरते! दुकानातील ‘हो, चालेल’ या उत्तरात हा तपशील क्वचितच असतो.

तो असायला हवा, कारण येथे रक्कम किरकोळ नाही. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या सादर केल्या, तेव्हा जाहीर केलेल्या किमतीत चार्जर धरलेला नव्हता, ७.२ किलोवॅटच्या चार्जरसाठी ५० हजार आणि ११.२ किलोवॅटच्या चार्जरसाठी ७५ हजार रुपये वेगळे होते. काही कंपन्या चार्जर गाडीच्या किमतीतच बसवतात. तेथे तो फुकट मिळाल्यासारखे वाटते इतकेच. एका घरात दोन गाड्या आणि दोन भिंतपेट्या ही उधळपट्टी आहे, आणि तिची गरज किती घरांना आहे, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

पैठणहून नोकरी-व्यवसायासाठी रोज संभाजीनगरला जाऊन येणाऱ्याचा प्रवास शंभर-एकशे दहा किलोमीटरचा. मध्यम आकाराची मोटार एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते असे धरले तर दिवसाला सुमारे पंधरा युनिट लागतील. गाडीसोबत मिळणारी, साध्या १६ अँपिअरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावायची केबल ताशी तीन युनिटांच्या आसपास वीज देते. म्हणजे पाच तास. रात्री अकराला लावलेली गाडी पहाटे काकडआरतीच्या सुमारास तयार. पूर्ण रिकामी ४० युनिटांची बॅटरी भरायला या मार्गाने बारा-तेरा तास लागतात आणि ७.२ किलोवॅटने सहा, हे खरे. पण बॅटरी रोज पूर्ण रिकामी होते कोणाची? लांबच्या प्रवासाला जलद चार्जिंगची केंद्रे आहेत. घरच्या चार्जिंगसाठी पैठणसारख्या गावातील बहुसंख्यांना भिंतपेटीची गरजच नाही, आणि ही केबल कोणत्याही ब्रँडच्या टाइप-२ गाडीला लागते. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही, यात नवल ते काय.

मात्र त्या साध्या सॉकेटमागे जे असते, तेथे खरी गोम आहे. विजेच्या मोटारींची सुसंगतता ब्रँडशी जेवढी बिघडत नाही तेवढी घराच्या वायरिंगशी बिघडते. जुन्या पैठणातील वाडे आणि अरुंद गल्ल्या पाहाव्यात. मीटर दर्शनी भिंतीवर, तेथून आत गेलेली जुनी तार, आणि अर्थिंग म्हणजे अंगणात कधीकाळी खणलेला मीठ-कोळशाचा खड्डा. तो वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहिलेला नसतो. उन्हाळ्यात काळी माती तडकली की त्यातील ओल जाते आणि अर्थिंग नावापुरते उरते. फ्रिज, पंखा, इस्त्री यांना त्याची फिकीर नसते. मोटारीचा चार्जर मात्र पहिल्याच क्षणी ते तपासतो आणि लाल दिवा लावून गप्प बसतो. ग्राहकाला वाटते, गाडी नादुरुस्त. शोरूमवाला सांगतो, वायरिंग नादुरुस्त. वायरमन सांगतो, बाकी सगळे तर चालू आहे. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर गाडी लावून पाहणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. अनेक इन्व्हर्टरांत न्यूट्रल आणि अर्थ यांचा जो संबंध चार्जरला अपेक्षित असतो, तो नसतो. काही कंपन्यांचे चार्जर याबाबत अधिक कडक, तर काहींचे थोडे सैल. परिणामी एका गाडीला ‘चालणारे’ सॉकेट दुसरीला ‘चालत नाही’ आणि दोष ब्रँडच्या माथी बसतो. वास्तविक जी गाडी नकार देते ती मालकाच्या जिवाची काळजी घेत असते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ मध्ये चार्जिंगसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त गळती झाली की वीज तोडणारे साधन, जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट, गाडी चार्जिंगच्या जागेपासून ५ मीटरच्या आत, आणि जोडवायरीला पूर्ण मनाई, अशा त्यातील तरतुदी आहेत. ज्या गल्लीत चारचाकी शिरतच नाही आणि ती चौकात उभी करावी लागते, तेथे हे पाच मीटर आणायचे कोठून? पहिल्या मजल्यावरील गॅलरीतून खाली सोडलेली जोडवायर हे दृश्य मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या गावात अशक्य वाटू नये. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींत किमान २० टक्के वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याचे म्हटले. जुन्या वाड्यांचे काय, हा प्रश्न त्या चौकटीत बसणारा नव्हता.

वीजबिलाची बाजू थोडक्यात सांगता येईल. घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी भरण्यास परवानगी आहे. २०१८ मध्येच केंद्राने चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, असे स्पष्ट केले आणि घरी गाडी भरली तर त्या जागेला लागू असलेलाच दर लागतो. पण महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घरात पंधरा युनिटांची गाडी पंचवीस दिवस भरली की वापर सव्वापाचशेवर जातो, म्हणजे थेट सर्वांत वरच्या टप्प्यात. मंजूर भारही आधी वाढवून घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनी चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा अधिकार दिला आहे आणि नगरपालिका क्षेत्रात नव्या जोडणीची मुदत सात दिवसांवर आणली आहे. पैठण नगरपरिषदेच्या हद्दीतील ग्राहकाने ती आवर्जून वापरावी अशी आहे.

आता कुलपांकडे वळू. प्लग एक, भाषा एक, तरीही एखादी पेटी दुसऱ्या गाडीला वीज देत नाही, असे घडते. कारण ती कार्ड दाखवल्याशिवाय किंवा मोबाइलमधील अॅपवर नोंदणी झाल्याशिवाय उघडत नाही आणि त्या अॅपला गाडीचा क्रमांक हवा असतो. कुलूप चोरीपासून संरक्षणासाठी असेल तर हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र किल्ली ग्राहकाच्या हाती असली पाहिजे. जुनी गाडी विकली, पेटी भिंतीवर राहिली आणि खाते जुन्या गाडीशी बांधलेले, ही स्थिती आता वापरलेल्या विद्युत मोटारींचा बाजार उभा राहत असताना वाढत जाणार. जोडीला वॉरंटीची धास्ती असते. ‘दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावलात तर आम्ही जबाबदार नाही’ हे वाक्य ग्राहकाला गप्प करण्यास पुरेसे ठरते. वास्तविक मानकानुसार बनलेली पेटी गाडीला काय देते? एसी वीज आणि एक संकेत. बॅटरीत किती आणि कसे भरायचे, हे गाडीचे यंत्र ठरवते. तेव्हा पेटी प्रमाणित असेल तर केवळ ब्रँड वेगळा म्हणून बॅटरीची वॉरंटी नाकारणे तांत्रिकदृष्ट्या टिकणारे नाही. ग्राहकाने ही अट लेखी मागावी; बहुतेक वेळा लेखी देताना भाषा मवाळ होते.

मोटारींची ही कथा तरी बरी म्हणावी, अशी अवस्था दुचाकींची आहे. आणि पैठणसारख्या गावात विजेचे वाहन म्हणजे बहुतेकांच्या लेखी मोटार नव्हे, स्कूटरच. गल्लीत शिरणारी, ओसरीवर उभी राहणारी, एका खोलीतील सॉकेटवर भरणारी. येथे मात्र प्लग जुळत नाही. याचे कारण रचनेत आहे. मोटारीत रूपांतर करणारे यंत्र आत असते. अनेक स्कूटरींत जागा आणि वजन वाचवण्यासाठी ते बाहेर, वेगळ्या डब्यात ठेवले जाते. तो डबा थेट बॅटरीला डीसी वीज देतो, त्यामुळे त्याचा दाब, त्याची भाषा आणि त्याचा जोड हे सारे त्या-त्या कंपनीचे. ओलाचा चार्जर एथरला लागत नाही, एथरचा टीव्हीएसच्या आयक्यूबला लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये बजाजने चेतक नव्या रूपात आणली तेव्हा तिच्यात चार्जर आतच होता; कोणत्याही घरातील सॉकेटमध्ये वायर लावली की काम भागत असे. त्या साधेपणाचे मोल तेव्हा फारसे कोणाला जाणवले नाही. घरात दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्कूटरी असतील तर दोन डबे सांभाळा, एक बिघडला तर त्याच कंपनीचा नवा घ्या आणि कंपनीच बंद पडली तर स्कूटर भंगारात, असा हा मामला आहे. नव्याने निघून दोन-तीन वर्षांत दिसेनाशा होणाऱ्या स्कूटर कंपन्यांच्या या काळात ही शेवटची शक्यता मुळीच काल्पनिक नाही. मोबाइलच्या चार्जरांचा हाच गोंधळ युरोपीय संघाने कायदा करून मोडला आणि २०२४ च्या अखेरीपासून एकच ‘टाइप-सी’ सक्तीचा केला, हे लक्षात घेतले तर स्कूटरींचा प्रश्न न सुटण्यासारखा आहे, असे म्हणता येत नाही.

उपाय खरे तर तयार आहे, आणि त्याचा धागा पुन्हा बिडकीनला येऊन मिळतो. एथरने स्वतःच्या चार्जिंग जोडाची रचना २०२१ मध्ये इतर कंपन्यांसाठी विनाशुल्क खुली केली. हिरो मोटोकॉर्पने आपल्या ‘विडा’ स्कूटरसाठी ती घेतली. पुढे भारतीय मानक ब्यूरोने हलक्या वाहनांच्या एसी आणि डीसी अशा दोन्ही चार्जिंगसाठी एकत्रित जोडाचे मानक याच रचनेवर आधारून मान्य केले. ‘आयएस १७०१७ भाग २, विभाग ७’ या नावाने ते २०२३ मध्ये जाहीर झाले. देशात बनलेल्या रचनेला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, ही गोष्ट भूषणावह आहे. पण मानक प्रसिद्ध होणे वेगळे आणि ते सर्वांवर बंधनकारक होणे वेगळे. मोटारींत मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून एकच वाट धरली. स्कूटरींत ज्यांनी आपापले चार्जिंगचे जाळे आधीच उभारले आहे, त्यांना ते सोडून दुसऱ्याच्या जोडाकडे वळण्यात रस असण्याचे कारण नाही. उलट आपला प्लग वेगळा राहण्यातच त्यांना ग्राहक बांधून ठेवल्याचे समाधान. प्रतिस्पर्ध्याची रचना मानक म्हणून स्वीकारणे कोणालाही जड जाते, ही त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. पण म्हणूनच येथे बाजाराच्या शहाणपणावर विसंबून भागणार नाही.

एथरच्या एप्रिल २०२५ मधील भागविक्रीतून उभ्या राहिलेल्या पैशांपैकी नऊशे कोटींहून अधिक रक्कम महाराष्ट्रातील या कारखान्यासाठी राखली गेली. नियोजित क्षमता वर्षाला दहा लाख वाहनांची आहे. म्हणजे ज्या जोडाला राष्ट्रीय मानकाचा मान आहे, त्याच्या स्कूटरी पैठण तालुक्यातूनच मोठ्या संख्येने बाहेर पडणार, आणि त्याच तालुक्यातील एखाद्या घरी शेजारी दुसऱ्या कंपनीची स्कूटर वेगळा डबा घेऊन उभी असणार. मे २०२५ मध्ये आदेश निघालेल्या राज्याच्या नव्या विद्युत वाहन धोरणाची मुदत २०३० पर्यंत आहे. खरेदीवरील सवलत आणि कारखान्यांना दिली जाणारी प्रोत्साहने ही दोन्ही सरकारच्या हातातील साधने आहेत. सवलतीस पात्र दुचाकीला भारतीय मानकाचाच जोड असावा, अशी अट तारीख देऊन, दीड-दोन वर्षांची पूर्वसूचना देऊन घालता येईल. मुंबईतील एका शासन निर्णयाने ते होण्यासारखे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.